केमोनंतर तिसऱ्या दिवशी उलटी का होते?

"उलट्या होतायत म्हणजे औषध लागू पडतंय, विष बाहेर निघतंय." केमो चालू असलेल्या घरांत हे वाक्य अजून ऐकू येतं. कृपा करून त्यावर विसंबू नका. शिरेतून दिलेलं औषध उलटीवाटे बाहेर पडत नाही, आणि एकही उलटी न होता गाठ आकसू शकते.

फुफ्फुसाच्या कर्करोगात वर्षानुवर्षं वापरात असलेलं केमोचं औषध, सिस्प्लॅटिन, उदाहरण म्हणून घ्या. डे केअरमध्ये सकाळी सलाइन लागतं, संध्याकाळी माणूस घरी. औषध रक्तात आणि मळमळ पोटात, हे कसं?

सेरोटोनिन हे शरीरात निरोप पोचवणारं रसायन. त्यातलं सुमारे ९० टक्के मेंदूत नसतं, आतड्यात असतं. आतड्याच्या अस्तरात विखुरलेल्या एन्टेरोक्रोमॅफिन पेशी ते साठवून बसलेल्या असतात. खाल्लेल्यात काही अपायकारक आलं तर इशारा देणं हे त्यांचं एक काम. सिस्प्लॅटिनने त्या डिवचल्या गेल्या की सेरोटोनिन सोडतात. शेजारीच पोटातून मेंदूकडे जाणाऱ्या व्हेगस नसेची टोकं असतात, त्यांवर ५-एचटी-३ नावाचे ग्राही, म्हणजे निरोप पकडणाऱ्या जागा. सेरोटोनिन तिथे चिकटलं की सांगावा व्हेगसमार्गे मेंदूच्या तळाशी पोचतो आणि तिथून पोटाच्या स्नायूंना हुकूम सुटतो. घशाखाली काहीच गेलेलं नसताना शरीर विषबाधा झाल्यासारखं वागतं! ऑन्डान्सेट्रॉन हे उलटी रोखणारं औषध त्या ग्राहींवर आधीच जागा अडवून बसतं, म्हणून ते केमोच्या आधी देतात. आतड्याची हालचालही याच सेरोटोनिनवर चालते, म्हणून या औषधाने बद्धकोष्ठ होतो. बद्धकोष्ठ म्हणजे कर्करोग वाढल्याचा पुरावा नव्हे.

ही झाली मळमळीची पहिली लाट. पण सिस्प्लॅटिनची दुसरी लाट २४ तासांनंतर सुरू होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भर धरते. तिचा सूत्रधार मुख्यतः सबस्टन्स पी नावाचं दुसरं निरोप्या रसायन, त्याचा ग्राही एनके-१, आणि ठिकाण थेट मेंदू. इथे ऑन्डान्सेट्रॉन तोकडं पडतं. एनके-१ अडवणारं ॲप्रेपिटंट आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड लागतं. ही लाट येते तेव्हा रुग्ण घरी असतो, जवळ नर्स नसते. पहिल्या दिवशी बरं वाटलं म्हणून गोळ्या डबीतच राहतात, आणि तिसऱ्या दिवशी पाण्याचा घोटही पोटात ठरत नाही. त्या गोळ्या उलटी थांबवायच्या नसतात, ती होऊच नये म्हणून असतात.

ओलान्झापिन हे मूळचं मानसिक आजारांवरचं औषध मळमळीवरही उत्तम चालतं, पण १० मिलिग्रॅमने दिवसभर गुंगी राहते. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २.५ मिलिग्रॅमचा उपयोगही तितकाच दिसला, आणि गुंगी कमी. गोळीही स्वस्त. मला ही बातमी एखाद्या महागड्या नव्या औषधाच्या बातमीइतकीच मोठी वाटते, कारण दुपारी जागं राहून नातवाशी बोलता येणं हेही उपचाराचंच फळ आहे.

केमोच्या पहिल्या फेरीत त्रास आटोक्यात आला नाही, तर पुढे रुग्णालयाच्या दारातल्या वासानेच ढवळायला लागतं. मेंदूने वास आणि मळमळ यांची सांगड एकदा घातली की ती सोडवणं गोळ्यांना जड जातं. म्हणून कितव्या दिवशी मळमळलं, किती उलट्या झाल्या, काय पोटात राहिलं, हे कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि दुसऱ्या फेरीआधी डॉक्टरांना दाखवा. त्यावरून गोळ्या बदलता येतात.