नाताळनंतरचा थकवा आणि पाळकांना धीर देण्याची जुनी परंपरा

नाताळआधीच्या आगमनकाळाचे चार रविवार, कॅरलच्या रात्री, नाताळची उपासना, मध्येच एखादा अंत्यविधी, ३१ डिसेंबरची मध्यरात्रीची प्रार्थना आणि लगेच १ जानेवारी. एवढं आटोपेपर्यंत पाळकांच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंच्या, अंगात त्राण उरत नाही, आणि पुढच्या रविवारचा उपदेश तर तयार हवाच असतो. अशा वेळी पुष्कळांना वाटतं, आपला विश्वासच कमी पडतोय. मंडळीचा, म्हणजे चर्चचा, इतिहास मात्र वेगळंच सांगतो.

सुरुवात बायबलच्या जुन्या करारातल्या एलीयापासून करायला हवी. कर्मेल डोंगरावर आकाशातून अग्नी उतरला, लोकांनी परमेश्वराचा जयजयकार केला, आणि राणी ईजेबेलची धमकी येताच हाच संदेष्टा जीव घेऊन पळाला. बैर-शेबाच्या पुढे रानात, एका झुडपाखाली बसून त्याने मरण मागितलं. मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट पुढची वाटते. देवदूताने त्याला बोल लावला नाही. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई होती. त्याने खाल्लं, पुन्हा झोपला, आणि देवदूताने त्याला दुसऱ्यांदा उठवून खाऊ घातलं. होरेब डोंगरावर देवाने त्याची तक्रार दोनदा ऐकून घेतली, आणि मग कामाला जोडीदार म्हणून अलीशा दिला.

चौथ्या शतकात नाझियांझसच्या ग्रेगरींवर, वडील स्वतःच बिशप असल्याने, इच्छेविरुद्ध सेवेची दीक्षा येऊन पडली. हे घडलं ३६१ च्या अखेरीच्या सुमारास. ते सरळ पाँटसला, मित्र बेसिलकडे निघून गेले. ३६२ च्या ईस्टरपर्यंत परतले आणि आपण का पळालो हे त्यांनी उघडपणे मांडलं: जिवांची काळजी वाहणं हे किती जड ओझं आहे! पाळकीय सेवेवरच्या पुढच्या लिखाणाचा पाया त्या निवेदनाने घातला. ५९० मध्ये पोप झालेल्या थोरल्या ग्रेगरींनीही त्याचा आधार घेतला.

एकोणिसाव्या शतकात लंडनचे उपदेशक चार्ल्स स्पर्जन याविषयी सगळ्यांत मोकळेपणाने बोलले. १९ ऑक्टोबर १८५६ रोजी सरे गार्डन्सच्या सभागृहात त्यांच्या सभेत कुणीतरी ‘आग’ म्हणून खोटीच आरोळी ठोकली. चेंगराचेंगरीत सात माणसं गेली. स्पर्जन तेव्हा अवघे बावीस वर्षांचे. ती जखम आयुष्यभर राहिली. पुढे ते आपल्या विद्यार्थ्यांना सांगत, की मोठ्या यशाच्या पाठोपाठ खिन्नता येते, आणि दाखला एलीयाचाच देत. स्वतः ते हिवाळ्यात विश्रांतीसाठी दक्षिण फ्रान्समधल्या माँतोंला जात.

मानसशास्त्राने हा विषय उशिरा हाती घेतला. सेवाभावी कामातून येणाऱ्या ‘बर्नआउट’वर, म्हणजे पार थकून रितं होण्यावर, हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये लिहिलं. जागतिक आरोग्य संघटनाही त्याला आजार न म्हणता कामाशी निगडित अवस्था म्हणते.

मंडळीने काय करावं, याचं उत्तर तर एलीयाच्याही आधीचं आहे. इस्राएल लोकांचा पुढारी मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्याय करत बसलेला पाहून सासरा इथ्रो त्याला स्पष्टच म्हणाला, हे काम तुला झेपणारं नाही, तू खंगून जाशील. मग हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर माणसं नेमली गेली, आणि लहानसहान प्रकरणं त्यांनीच निकाली काढायला सुरुवात केली.