खड्ड्यात चाक आदळलं की "अलाइनमेंट करून घे, काम झालं" हे खरं नाही

हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय आणि स्पोर्ट्स कारवाल्यांचं यात खरंच नुकसान होतं, म्हणून नीट सांगतो. अलाइनमेंट म्हणजे फक्त चाकांचे अँगल ॲडजस्ट करणं, वाकलेला पार्ट त्याने सरळ होत नाही. टाय रॉड (स्टिअरिंगला चाकाशी जोडणारा दांडा) फिरवून टो (वरून बघितल्यावर चाक आत किंवा बाहेर वळलेलं असण्याचा अँगल) बरोबर आणता येतो, स्टिअरिंगही सरळ दिसतं, पण आतला कंट्रोल आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा सस्पेन्शनचा दांडा) किंवा नकल (ज्यावर चाकाचं बेअरिंग बसतं तो पार्ट) वाकलेलाच राहतो आणि मग टायर एका बाजूने झिजतो, जोरात ब्रेक मारला की गाडी ओढते.

आधी अलाइनमेंट मशीनचं रीडिंग बघा. डाव्या उजव्या कॅम्बरमध्ये (समोरून बघितल्यावर चाकाचा कल) किंवा कॅस्टरमध्ये (बाजूने बघितल्यावर स्टिअरिंगच्या अक्षाचा कल) मोठा फरक असेल तर बहुतेक काहीतरी वाकलंय किंवा सबफ्रेम (सस्पेन्शन जिला जोडलेलं असतं ती फ्रेम) सरकलीये. रिम, व्हील बेअरिंग, बॉल जॉइंट, डँपरचा (शॉक ॲब्सॉर्बरचा) रॉड सगळं तपासून घ्या. ॲल्युमिनियमचा आर्म ठोकून सरळ करू देऊ नका प्लीज, त्यात न दिसणारी क्रॅक राहू शकते, तो बदलायचाच.

दुसरा गैरसमज, "आता कॉइलओव्हर टाकतोच आहे तर सगळं ठीक होईल". (कॉइलओव्हर म्हणजे स्प्रिंग आणि डँपर एकत्र असलेला, बहुतेक वेळा उंची ॲडजस्ट होणारा सेट.) तो त्याच वाकलेल्या नकलला किंवा आर्मला बोल्ट होणार ना? आधी रिपेअर, मग अपग्रेड. डँपर डावा उजवा जोडीनेच बदला, आणि साध्या रबर बुशचे (आर्मच्या सांध्यातल्या रबराचे) बोल्ट गाडीचं वजन चाकांवर असताना फायनल टाइट करा, हवेत लटकत असताना केले तर बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. अलाइनमेंट सगळ्यात शेवटी, राइड हाइट (गाडीची जमिनीपासूनची उंची) सेट झाल्यावर.