'रायट अ‍ॅक्ट' वाचला म्हणजे काय केलं?

आमच्या इंग्रजी-मराठी भाषांतर सेवेच्या ग्राहकांसाठी

ऑफिसच्या मेलमध्ये 'द मॅनेजर रेड अस द रायट अ‍ॅक्ट' असं वाक्य आलं, तर मॅनेजरने कुठलाही कायदा वाचून दाखवलेला नसतो. त्याने सगळ्यांना फैलावर घेतलेलं असतं. शब्दाला शब्द लावला की मराठीत 'दंगल कायदा' उगवतो आणि वाचणारा घाबरून एचआरला फोन लावतो.

कायदा मात्र खराखुरा होता. ब्रिटनमध्ये तो 1 ऑगस्ट 1715 पासून लागू झाला. बारा किंवा जास्त माणसं जमून दंगा करू लागली की मॅजिस्ट्रेट त्यांच्यापुढे जाऊन राजाच्या नावाने ठरावीक मजकूर मोठ्याने वाचायचा: ताबडतोब पांगा, आपापल्या घरी नाहीतर कामधंद्याला जा. शेवटी 'गॉड सेव्ह द किंग'. तेवढे शब्द गाळले तरी वाचन कायदेशीर ठरत नसे! वाचून तास उलटल्यावरही जे हटले नाहीत, त्यांना थेट देहदंडाची तरतूद होती. विसाव्या शतकात हा कायदा रद्द झाला.

आधी ताकीद, मग कारवाई हा क्रम वाक्प्रचारात अजून आहे. म्हणून आम्ही 'खडसावून तंबी दिली' किंवा 'सक्त ताकीद दिली' असं लिहितो. नुसतं 'झापलं' म्हटलं तर 'पुन्हा असं केलंत तर बघा' हा दम निसटतो. बोलणारा बहुधा वरचढ असतो: कोच खेळाडूंना, आई पोरांना, घरमालक भाडेकरूंना. शिपायाने साहेबाला चार शब्द सुनावले, तर तिथे हा प्रयोग शोभत नाही.

स्वतः वापरताना 'द' गाळू नका. 'रीड' आणि 'रेड' यांचं स्पेलिंग एकच, त्यामुळे 'आय रीड देम द रायट अ‍ॅक्ट' हे वाक्य सुटं पाहिलं तर रोजचं आहे की कालचं, कळत नाही. मेमो, कारणे दाखवा नोटीस, वकिलाचं पत्र यांत तर हा वाक्प्रचार नकोच. तिथे सरळ 'वॉर्निंग' लिहावं. कोर्टकचेरीच्या कागदात बोलीतला ठसका अंगाशी येतो.

भाषांतरासाठी व्हॉट्सअ‍ॅपवर एकच ओळ पाठवू नका, अख्खा मेल पाठवा. कोण कोणाला बोललं हे समजल्यावरच 'तंबी' लिहायची, 'कानउघाडणी' की 'सक्त ताकीद', हे आम्हाला ठरवता येतं.