हायड्रो टेस्ट पास, म्हणजे खिडकी पास?

घरच्या गॅरेजमध्ये एका माणसापुरती पाणबुडी बांधणारे हौशी लोक पोलाद वेल्ड करण्यात तरबेज असतात. गाडी अडते ती ॲक्रिलिकच्या (पारदर्शक, कडक प्लास्टिकच्या) खिडकीपाशी. 'स्ट्रेस टेस्ट झाली' असं दोन बांधणारे म्हणतात, पण एकाने खिडकी दाबाखाली ठेवलेली असते आणि दुसऱ्याने ती पोलराइज्ड उजेडात धरून पाहिलेली असते.

दाबाची ती हायड्रो टेस्ट. खिडकीची २० सेंमी व्यासाची चकती समुद्रात १०० मीटर खाली नेली की तिच्यावर सुमारे ३.२ टन भार येतो. तोच भार आधी जमिनीवर, पाणी भरलेल्या टाकीत पंपाने द्यायचा. हवा वापरायची नाही; दाबलेली हवा सुटली तर स्फोटच होतो. दाब चढवला आणि लगेच उतरवला, असंही चालत नाही, कारण भार टिकून राहिला की ॲक्रिलिक हळूहळू वाकत जातं. माणसं बसतात अशा दाबपात्रांसाठीचं अमेरिकेचं पीव्हीएचओ-१ मानक किमान तासभर दाब धरायला सांगतं. नंतर सपाट चकतीची आतली बाजू नीट बघावी. ताणली जाते ती तीच.

दुसऱ्या, पोलराइज्ड उजेडाच्या तपासणीत बाहेरचा भार नसतोच; ती आतला ताण शोधते. लेथवर घाई केली, ड्रिल तापलं, लेझरने कापलं, कडा ज्योतीने चमकवल्या, की ताण प्लास्टिकच्या आत गोठून बसतो. साइनबोर्डवाल्याकडची लेझरने कापलेली अक्षरं स्पिरिटने पुसून पाहा: कडेला केसासारख्या बारीक भेगा उमटू शकतात. हेच क्रेझिंग. (हा प्रयोग कापून उरलेल्या तुकड्यावरच करा, खिडकीवर चुकूनही नको.)

हा ताण बघायला महागडं यंत्र लागत नाही. लॅपटॉपचा स्क्रीन पांढरा ठेवायचा, पोलराइज्ड गॉगलची काच त्याच्यासमोर स्क्रीन काळा दिसेपर्यंत फिरवायची आणि मध्ये ॲक्रिलिक धरायचं. जिथे उजळ पट्टे दिसतील तिथे ताण आहे. मात्र पॉलिकार्बोनेट या दुसऱ्या पारदर्शक प्लास्टिकमध्ये दिसतात तसे भडक रंग इथे दिसत नाहीत. फिकट पट्टा दुर्लक्षित करायचा मोह होतो, आणि तिथेच लोक फसतात.

आता गल्लत कुठे होते? हायड्रो टेस्ट आजची ताकद सांगते. गोठलेला ताण ती पास होऊन जातो आणि काही महिन्यांनी, एखाद्या क्लीनरच्या फडक्याने, भेगा काढतो. उलट पोलराइज्ड उजेडात निर्मळ दिसणारी चकती मुळात पातळच असेल, तर तो निर्मळपणा काय कामाचा?

दाबाच्या फरकाशिवायही तडा जातो, याचा दाखला १९६०चा आहे. प्रशांत महासागरातल्या मारियाना गर्तेत उतरताना 'ट्रिएस्ट' या खोल पाण्यातल्या पाणबुडीची प्रवेशमार्गातली प्लेक्सिग्लासची (म्हणजे ॲक्रिलिकचीच) खिडकी ९,००० मीटरच्या पुढे तडकली. तो मार्ग पाण्याने भरलेला होता, म्हणजे खिडकीच्या दोन्ही बाजूंना दाब सारखाच. जाक पिकार आणि डॉन वॉल्श बसले होते तो गोळा शाबूत राहिला.

क्रम असा ठेवावा: सगळं कटिंग-पॉलिशिंग संपल्यावर ओव्हनमध्ये ८५ अंश सेल्सियसच्या आसपास ॲनीलिंग (तापवून आत गोठलेला ताण घालवणं), मग अगदी सावकाश थंड करणं, मग पोलराइज्ड उजेड आणि शेवटी हायड्रो. टेस्टनंतर खिडकी सीटमध्ये बसत नाही म्हणून कड जराशी जरी कापली, तरी ॲनीलिंगपासून सगळं पुन्हा करायचं.