ड्रोनवरून आवाजाची जागा शोधणं

ड्रोनला बरेच माइक लावून खालची हाक, शिट्टी किंवा गोळीबार कुठून आला ते काढायची पद्धत. धूर, अंधार, ढिगारा यामुळे कॅमेरा निकामी होतो तिथे कामाची.

सुरुवात कुणाची यावर एकमत नाही. बरेच जण पहिल्या महायुद्धात आवाजावरून शत्रूची तोफ शोधायचे तिथून धरतात, त्यातही जर्मन लोवेनस्टाइनचं पेटंट १९१३चं, ब्रिटिशांनी भौतिकशास्त्रज्ञ लॉरेन्स ब्रॅगला १९१५ला या कामावर पाठवलं, पण तोफेचा खर्जातला आवाज नीट पकडणारा, त्याचा सहकारी टकर याचा तापल्या तारेचा माइक १९१६च्या सुमारास आला तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. मात्र ते माइक जमिनीवर गप्प बसलेले. ज्या मशीनवर माइक तीच आवाज करतेय, हा प्रश्न जपानमध्ये नाकादाई आणि ओकुनो या संशोधकांनी २०००च्या सुमारास रोबोटच्या कानांसाठी हाती घेतला, २००८ला त्यातून हार्क हे सॉफ्टवेअर आलं. ड्रोनचं घराणं हे दुसरं, रोबोटच्या कानांचं, असं मानणं जास्त पटतं.

तत्त्व सोपं आहे. ३० सेंमी अंतरावरच्या दोन माइकांत आवाज पोचायला जास्तीत जास्त ०.९ मिलिसेकंदाचा फरक पडतो, त्या फरकावरून दिशा, आणि दिशा व उंचीवरून जमिनीवरची जागा. ५० मीटर उंचीवर ५ अंश चुकले तर थेट खाली सुमारे ४.४ मीटरची चूक, ४५ अंश तिरकं बघितलं तर दुपटीहून जास्त. तापमानही धरावं लागतं: २० अंशाला ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, इंदूरच्या मे महिन्यातल्या ४० अंशाला सुमारे ३५५.

खरी डोकेदुखी पंख्यांची. दोन पात्यांचा पंखा मिनिटाला ६००० फेरे घेत असेल तर २०० हर्ट्झ आणि त्याच्या पटीतले सूर सतत चालू, म्हणजे बरोबर माणसाच्या आवाजाच्या पट्ट्यात. त्यात वारा. म्हणून माइकवर फोम लावतात, पंख्याचा आवाज आधी रेकॉर्ड करून वजा करतात.

जर्मनीत फ्राउनहोफर या संशोधन संस्थेच्या लोकांनी २०२१ला किंकाळी, ठोकण्याचा आवाज अशा खुणा ओळखणारी माइकांची जुळणी मांडली. गर्दीच्या शहरात वापर अजून अवघड; इंदूरच्या राजवाड्यासमोर रंगपंचमीची गेर (रंग उधळत जाणारी मिरवणूक) चालू असताना डीजे, ढोल आणि भिंतींवरून परतणारे आवाज मिळून एकाच हाकेच्या चार दिशा दिसू शकतात.