कोटेड बेस तारा: घाम अडतो, फ्रेट नाही

साध्या गिटारच्या सहा तारांपेक्षा बेस गिटारच्या चार तारा कितीतरी महाग पडतात. त्यामुळे वाद्यांच्या दुकानात हा प्रश्न ठरलेला: जास्तीचे पैसे मोजून कोटेड, म्हणजे लेप दिलेल्या तारांचा सेट घेतला, तर तो चालेल किती दिवस? रोज तासभर वाजवणाऱ्याच्या हाताखाली साध्या राउंडवाउंड (गोल तार गुंडाळलेल्या) तारांचा खणखणीतपणा काही आठवड्यांत उतरतो. कोटेड तारा तो काही महिने धरून ठेवतात. नेमका आकडा मात्र वाजवणाऱ्याच्या घामावर आणि बोटांच्या जोरावर ठरतो.

बेसची तार म्हणजे पोलादी गाभा आणि त्याभोवती घट्ट गुंडाळलेली दुसरी तार, बहुधा निकेलचा मुलामा दिलेली. सर्वांत जाड ई तार साधारण २.७ मिलिमीटर जाडीची. तिच्या वेढ्यांमधल्या बारीक खाचांत घाम, त्वचेचं तेल आणि मेलेल्या पेशी साचत जातात. हा मळ मऊ असतो आणि तारेची सूक्ष्म थरथर गिळतो. ई तारेचा मूळ स्वर सेकंदाला सुमारे ४१ कंपनांचा; त्याला फारसा धक्का लागत नाही. पण त्याच्या पटीतले वरचे स्वर लगेच विझू लागतात. तार सुरात लागते, फक्त ‘टण्ण’चा ‘ढब्ब’ होतो. जुने बेसवाले अशा तारा चक्क पातेल्यात उकळतात. मळ सुटतो, आवाज थोडे दिवस परत येतो.

दुसरा शत्रू गंज. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून विरघळू लागतं. मुंबईत किंवा पणजीत पावसाळ्यात याहून दमट हवा रोजचीच, म्हणजे तारेवरचा खारट थर वाळतच नाही. वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने तारा पुसायच्या, त्या यासाठी.

कोटिंग नेमकं इथे कामाला येतं. एलिक्सर नावाच्या कोटेड तारा बनवणारी गोर ही कंपनी गोर-टेक्स कापडाचीच. १९६९ साली बॉब गोर यांनी पीटीएफई, म्हणजे नॉनस्टिक तव्यावरचं प्लास्टिक, झटक्यात ताणून त्याचा सूक्ष्म छिद्रांचा पडदा बनवला होता. एलिक्सरचा लेप सगळ्या तारेवरून जातो, त्यामुळे खाचाही झाकल्या जातात. काही कंपन्या नुसत्या गुंडाळीच्या तारेला आधी लेप देतात. त्यात धातू वाचतो, खाचा उघड्याच राहतात.

फ्रेटपुढे, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या आडव्या पट्ट्यांपुढे, मात्र कुठल्याच लेपाचं काही चालत नाही. तार धातूच्या त्याच पट्टीवर हजारो वेळा दाबली जाते आणि तिच्या पोटाला चपट्या खुणा पडतात. लेपही आधी तिथे आणि छेडण्याच्या जागी झिजतो, क्वचित धागे सुटून लोंबतात. ते दिसायला वाईट, आवाजाला फारसं बाधत नाहीत. खुणा मात्र बाधतात: तारेची जाडी सगळीकडे सारखी राहत नाही आणि वरचे स्वर आपल्या जागेवरून सरकतात. बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक वाजवा, म्हणजे तार न दाबता तिला फक्त बोट टेकवून छेडा, मग तिथेच तार दाबून वाजवा. ब्रिजवरचं सॅडल, म्हणजे तारेच्या खालच्या टोकाचा आधार, कितीही सरकवलं तरी दोन्ही स्वर जुळत नसतील, तर तार बदलायची. वर लेप कितीही शाबूत असो.

मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचे बेसवादक जेम्स जेमरसन फ्लॅटवाउंड (चपटी पट्टी गुंडाळलेल्या, गुळगुळीत) तारा तुटल्याशिवाय बदलत नसत. तो मंद, गोल आवाजच त्यांना हवा होता. ज्याला तसाच आवाज आवडतो, त्याने कोटिंगवर पैसे घालवण्यात अर्थ नाही.