एक्सेलची यादी प्रिंटला देताय? आधी हे वाचा

सोसायटीची थकबाकी, क्लासच्या मुलांचे मार्क, मंडळाची वर्गणी, दुकानाचा स्टॉक, असल्या याद्या आपल्याकडे रोज येतात आणि काउंटरवर प्रश्न एकच, "पहिल्या पानावर हेडिंग आलं, मग पुढच्या पानांवर का नाही?" म्हणून हा कागद काढलाय, घरी न्या, कॉम्प्युटरजवळ ठेवा.

बरेच जण म्हणतात आम्ही फ्रीझ केलंय, म्हणजे खाली सरकलं तरी हेडिंग स्क्रीनवर वरच राहतं. फ्रीझ पेन्स स्क्रीनपुरतं असतं, एक्सेलमध्ये प्रिंटशी त्याचा संबंध नाही. प्रिंटसाठी पेज लेआउटमध्ये प्रिंट टायटल्स दाबा, पेज सेटअपची खिडकी उघडते, तिथे 'रिपीट ॲट टॉप' लिहिलेल्या चौकोनात क्लिक करा आणि शीटवरच्या हेडिंगच्या ओळीवर क्लिक करून ओके करा, झालं. हेच पेज सेटअप प्रिंटच्या स्क्रीनवरून उघडलं तर तो चौकोन पुसट दिसतो, क्लिकच होत नाही आणि लोकांना वाटतं एक्सेल बिघडलं. काही बिघडलेलं नसतं, मागे येऊन पेज लेआउटमधूनच जा.

आता सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक. हेडिंगची ओळ कॉपी करून दर पानाच्या सुरुवातीला हाताने चिकटवतात. कृपा करून हे करू नका. पान कुठे तुटणार ते प्रिंटर, फॉन्ट आणि कागदावर ठरतं. तुमच्याकडे बऱ्याचदा कागदाची साईज लेटर असते, म्हणजे २१६ बाय २७९ मिलिमीटर, आणि आमच्याकडे ए फोर, २१० बाय २९७. उंची १८ मिलिमीटर जास्त, म्हणजे साध्या तीनेक ओळी जास्त बसतात, मग दुसऱ्या पानाचं हेडिंग पहिल्या पानाच्या तळाशी येतं आणि पुढे पुढे ते आणखी वर सरकत पार पानाच्या मधे येऊन बसतं. त्यात कोणी फ्लॅट नंबरप्रमाणे सॉर्ट केलं की सगळी हेडिंगं गोळा होऊन यादीच्या शेवटी. मग आम्हाला एकेक ओळ बघून काढावी लागते, आणि ती घाईत काढता येत नाही, कारण चुकून एका सभासदाची ओळ गेली तर खालची बेरीज चुकते आणि मीटिंगमध्ये उत्तर तुम्हाला द्यावं लागतं. सेटिंगचे पैसे वेगळे का, असं विचारतात, ते या कामाचे आहेत. फाईल नीट लावून आणली, पीडीएफ करून आणली तर फक्त प्रिंटचे पैसे लागतात.

शेवटचा कॉलम वेगळ्या पानावर जातो तेव्हा बहुतेक वेळा दोष कॉलमच्या लांबलचक नावाचा असतो. "३१ मार्चअखेर थकबाकी रु." एवढं लिहायला हवंच, नुसतं "रक्कम" लिहिलं तर कसली आणि कधीची ते कागदावर कळत नाही. पण त्यासाठी कॉलम रुंद करू नका, रॅप टेक्स्ट दाबा किंवा हवं तिथे ऑल्ट धरून एंटर मारा, नाव दोन ओळीत बसतं. तरी बसलं नाही तर पान आडवं करा आणि विड्थ एक पेज, हाईट ऑटोमॅटिक ठेवा. सगळी शीट एका पानावर बसवायचा पर्याय मोठ्या यादीला नको, अक्षरं इतकी बारीक होतात की वयस्कर सभासदांना वाचताच येत नाहीत.

मराठी यादी जुन्या फॉन्टमध्ये टाईप केली असेल तर पीडीएफच आणा, तो फॉन्ट इथे नसला तर अक्षरांचा नुसता गोंधळ दिसतो.

आम्ही आधी एकच पान काढून दाखवतो आणि तुम्ही हो म्हटल्यावरच बाकीचं काढतो. काहींना उशीर वाटतो, पण शंभर कॉप्या रद्दीत जाण्यापेक्षा ते बरं.

सोसायट्यांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत असतात, त्यामुळे त्या महिन्यात गर्दी फार होते. फाईल चार दिवस आधी व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, स्क्रीनचा फोटो नको. स्पायरल बाइंडिंग हवं असेल तर तेव्हाच सांगा, म्हणजे डावीकडचा मार्जिन जास्त ठेवता येतो, नाहीतर भोकं पहिल्या कॉलमवर पडतात.